दहा ते शंभर मीटर, स्कोप एकच: मधल्या किमतीत काय घ्यावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे .२२ ची बोल्ट ॲक्शन (हाताने बोल्ट मागे ओढून काडतूस भरायची) स्पोर्टिंग रायफल आहे आणि वरळीच्या रेंजवर ५० मीटरवर तुमचा सराव चालतो. रोह्याच्या गावच्या घरी ४.५ मिमीची स्प्रिंगची एअर रायफल आहे. सुट्टीत तिच्यावर, मातीच्या बांधासमोर कागद लावून, १० ते २५ मीटरवर नेमबाजी होते. पुढेमागे .२२ घेऊन १०० मीटरवरही हात आजमावायचा आहे. बजेट मधलं आहे आणि स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण, एकच घ्यायचा आहे. मित्र म्हणतो ६-२४×५० घे (६ ते २४ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ५० मिमीची), म्हणजे पुन्हा बघायला नको. दुकानदार ३-९×४० पुढे करतो. यातलं कोणाचं ऐकायचं?

दुकानदाराचं म्हणणं तुमच्या गरजेच्या जास्त जवळ आहे, पण त्याच्या स्कोपमध्ये एक महत्त्वाची गोष्ट नाही. माझं मत ४-१२×४० ला आहे. स्कोपची नळी साधी २५.४ मिमीची चालेल, क्लिक (नेम सरकवणाऱ्या खुंटीचा एक टप्पा) पाव एमओएचा असावा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग), रेटिकल (आतली नेमाची फुली, म्हणजे क्रॉसहेअर) बारीक असावं, आणि पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसण्याचा दोष) १० मीटरपासून पुढे फिरवून लावता आला पाहिजे. बाकी सगळ्यात तडजोड चालेल, पॅरलॅक्समध्ये नाही. का, ते खाली सविस्तर लिहितो.

त्याआधी एक खुलासा, कारण पैसे खर्च झाल्यावर तो ऐकून पुष्कळ जण हळहळतात. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, किंवा तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ज्या ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) जगज्जेती झाली, त्या प्रकारांत रायफलवर दुर्बीण लावायला परवानगीच नाही. १० मीटर एअर रायफललाही नाही. तिथे मागे डायॉप्टर (बारीक भोकातून बघायची साइट) आणि पुढे रिंगची फोरसाइट, एवढंच. तेव्हा त्या वाटेने जायचं असेल तर हे पैसे चांगल्या डायॉप्टरवर आणि टार्गेटवरची भोकं बघायला जमिनीवर ठेवायच्या स्पॉटिंग स्कोपवर घाला. स्कोप घ्यायचा तो स्वतःच्या आनंदासाठी, काडतुसांची आणि रायफलची पारख करण्यासाठी, क्लबातल्या खुल्या स्पर्धांसाठी किंवा बेंचरेस्टसाठी (रायफल टेकवून मारायचा प्रकार). तुमच्या प्रश्नावरून तुम्हाला हेच हवंय असं दिसतं, म्हणून पुढे जातो.

परदेशी परीक्षणं वाचून आपल्याकडे एक घोळ होतो. तिकडचे लेखक पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात शिकार करतात. त्यांना पुढची काच ५० किंवा ५६ मिमीची हवी असते, आणि संधिप्रकाशात किती दिसतं यावर ते पानंच्या पानं लिहितात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, आणि तो संपला हे चांगलंच झालं. आपली रायफल कागदावर चालते, दिवसाउजेडी. त्यामुळे मोठ्या काचेचे जादा पैसे देऊन आपल्या पदरात फक्त वजन पडतं. गणित साधं आहे: काचेचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास. ४० मिमीची काच ४ पटीला १० मिमी देते, १२ पटीला ३.३ मिमी. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिमीची होते, म्हणजे ४० पुरेशी आहे. मित्राचा ६-२४×५० पूर्ण २४ वर नेला की जेमतेम २.१ मिमी उरतात. मग डोकं जरा हललं की चित्र काळं पडतं, आणि बाहुलीने नेमकी जागा शोधण्यातच मान आखडते.

आता पॅरलॅक्स. स्कोपमध्ये टार्गेटची प्रतिमा जिथे तयार होते तिथेच रेटिकल असेल, तर डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी क्रॉसहेअर टार्गेटवर जिथल्या तिथे राहतं. प्रतिमा त्याच्या पुढेमागे पडत असेल, तर डोळा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकल्यासारखं दिसतं, आणि तुम्ही त्या सरकलेल्या जागेवर नेम धरता. सेंटरफायर (.२२ हून मोठ्या काडतुसांच्या) रायफलसाठी बनवलेले बहुतेक साधे ३-९×४० कारखान्यातून १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, पक्के करून येतात. तो स्कोप ५० मीटरवर वापरला आणि डोळा पार कडेला गेला, तर नेमात ९ मिमीपर्यंत फरक पडू शकतो. ५० मीटरच्या टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो आणि पुढची वर्तुळं ८-८ मिमीच्या अंतराने येतात. म्हणजे ट्रिगर, श्वास, काडतूस सगळं बिनचूक असूनही निव्वळ गाल वेगळ्या जागी टेकला म्हणून एक अख्खा गुण जाऊ शकतो. तोच स्कोप १० मीटरवर घेतला तर फरक जवळजवळ १८ मिमीपर्यंत जातो, आणि वर टार्गेट धूसर दिसतं ते वेगळंच.

गंमत अशी की लांबच्या अंतरावर हा दोष कमी टोचतो. तोच ९१ मीटरवर पक्का केलेला स्कोप ३०० मीटरवर वापरला तर जास्तीत जास्त ४६ मिमीचा फरक पडेल, आणि तिथे दहाचं वर्तुळ १०० मिमी व्यासाचं असतं. म्हणजे पॅरलॅक्सचा खरा त्रास लांबच्या नेमबाजापेक्षा आपल्यासारख्या जवळच्या अंतरावर बारीक गुण मोजणाऱ्यांना जास्त होतो. तरीही दुकानात पॅरलॅक्सची खुंटी असलेले स्कोप 'लाँग रेंज'चे म्हणून विकले जातात आणि .२२ वाल्याला साधा स्कोप दिला जातो. हे मला मनापासून खटकतं.

भांडुपची एक मुलगी माझ्याकडे यायची. तिचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) सकाळी छान गोळा यायचा आणि तासाभराने उभा लांबट व्हायचा. काडतुसांची दुसरी लॉट लावून पाहिली, रायफलची नळी साफ केली, माउंट (स्कोप रायफलवर धरणाऱ्या रिंगा) घट्ट केले, फरक शून्य. शेवटी तिच्या बाजूला बसून मी फक्त तिचा गाल बघत राहिलो. थकल्यावर तिचा गाल दस्त्यावर हळूहळू खाली सरकत होता. पाच गोळ्यांत अर्धा सेंटीमीटर तरी. स्कोप ९१ मीटरवर पक्का केलेला. दस्त्यावर फोमची पट्टी लावून गालाची उंची वाढवली, गाल एका जागी ठरला, आणि ग्रुप गोल झाला. तिथे नवा स्कोप घ्यावा लागला नाही. पण तुम्ही नवा घेणारच आहात, तर हा दोष काढून टाकता येईल असाच घ्या.

पॅरलॅक्स दुकानातच तपासता येतो आणि तपासाच. रायफल नको, नुसता स्कोप पुस्तकांच्या चळतीवर किंवा वाळूच्या पिशवीवर हलणार नाही असा ठेवा. आधी मागची डोळ्याकडची काच जुळवा: पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे रोखून, डोळे मिटून, उघडून पहिल्या क्षणी क्रॉसहेअर काळंभोर आणि रेखीव दिसतं का ते पाहा. एकटक बघत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्ही फसता. म्हणून एक नजर, मग मान वळवा, काच थोडी फिरवा, पुन्हा एक नजर. हे झाल्यावर रस्त्यापलीकडची एखादी पाटी धरा, पॅरलॅक्सची खुंटी फिरवा, आणि स्कोपला हात न लावता डोकं वरखाली, डावीउजवीकडे अगदी थोडं हलवा. क्रॉसहेअर पाटीवरच्या अक्षराला चिकटून राहिलं की पॅरलॅक्स बसला. चित्र सर्वात स्वच्छ दिसतं ती जागा आणि क्रॉसहेअर स्थिर राहतं ती जागा एकच असायला हवी. या दोन जागा वेगळ्या आल्या तर आधी मागची काच पुन्हा जुळवा. तरी वेगळ्याच राहिल्या तर तो स्कोप परत ठेवा.

खुंटीवर छापलेल्या अंतरांवर विश्वास ठेवू नका, ती ढोबळ असतात. मी कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर पेन्सिलीने १०, २५, ५०, १०० च्या माझ्या खुणा करून ठेवतो. खुंटी पुढच्या काचेभोवतीच्या कड्यावर असली तरी चालेल, बाजूला असली तर हात सहज पोचतो, एवढाच फरक. त्या सोयीसाठी किंमत बरीच वाढते. तुम्ही बहुतेक वेळ ५० मीटरवरच राहणार, तेव्हा पुढचं कडं असलेला स्कोप घेऊन वाचलेले पैसे माउंटवर घाला. फक्त सगळ्यात कमी अंतर काय लिहिलंय ते बघा. १० यार्ड किंवा १० मीटर असलं पाहिजे. पुष्कळ स्कोपांत हे कडं ४० किंवा ५० यार्डांपासूनच सुरू होतं, आणि तसा स्कोप रोह्याच्या अंगणात निरुपयोगी ठरेल.

मॅग्निफिकेशनवर मी कमी लिहिणार होतो, पण मित्राचा आग्रह २४ पटीचा आहे म्हणून लिहितो. २४ पट हवी कशाला, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, भोक दिसावं म्हणून. .२२ चं भोक ५.६ मिमीचं. कागदाच्या पांढऱ्या भागात ते ५० मीटरवर ९ पटीलाही दिसतं. ५० मीटरच्या टार्गेटचा काळा गोल ११२.४ मिमीचा, त्या काळ्यातलं भोक मात्र १२ पटीलाही उजेड नीट नसेल तर दिसत नाही. पण ते बघायला रायफलवरचा स्कोप का ताणायचा? स्पॉटिंग स्कोप २० ते २५ पटीचा बाजूला ठेवा, तो वर्षानुवर्षं टिकतो. रायफलवर २४ पट लावली की छातीचा प्रत्येक ठोका क्रॉसहेअरवर दिसतो. तो थरथराट १२ पटीलाही तेवढाच असतो, फक्त दिसत नाही. दिसला की माणूस क्रॉसहेअर दहावरून जाताना पकडायला बघतो, ट्रिगर झटकतो, आणि गोळी सातावर जाते. उभ्याने मारताना मी विद्यार्थ्यांना ४ ते ६ पटीच्या वर जाऊच देत नाही.

दुसरी अडचण रेंजवरची. २४ पटीला ५० मीटरवर जेमतेम पाऊण मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. त्यात तुमच्या लेनचा आकडा दिसत नाही, शेजारचं टार्गेटही अगदी तुमच्यासारखंच दिसतं, आणि शेजाऱ्याच्या कागदावर गोळी जाते. स्पर्धेत त्याची शिक्षा होते आणि शेजाऱ्याचा खोळंबा होतो तो वेगळा. ४ पटीवर लेनचा आकडा बघून, मग पट वाढवून नेम धरणं ही सवय फार उपयोगी आहे. त्यासाठी मला वरच्या आकड्यापेक्षा खालचा आकडा महत्त्वाचा वाटतो. शिवाय मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा २४ पटीला टार्गेट पाण्यात बुडवल्यासारखं हलवते. याला एकच अपवाद, बेंचरेस्ट. तिथे रायफल पुढे-मागे पिशव्यांवर टेकलेली असते, आणि ते नेमबाज ३६ पट आणि त्याहूनही जास्त वापरतात ते बरोबरच आहे. तुम्ही पुढे पूर्णपणे तिकडे वळलात तर त्यासाठी वेगळा स्कोप लागेल, सर्वत्र चालणारा स्कोप तिथे पुरा पडत नाही.

रेटिकल साधं घ्या. कडेला जाड आणि मध्ये बारीक असं ड्युप्लेक्स, किंवा त्यावर काही खुणा असलेलं. झाडाच्या फांद्यांसारखं भरलेलं रेटिकल कागदावर नेम धरताना डोळ्याला थकवतं. रेटिकल मागच्या फोकल प्लेनमध्ये (स्कोपच्या आत प्रतिमा तयार होते त्या दोन जागांपैकी डोळ्याकडच्या जागी) असलेलं बरं: पट बदलली तरी रेषेची जाडी डोळ्याला तेवढीच दिसते. पुढच्या फोकल प्लेनचं रेटिकल ४ पटीला केसासारखं होतं, १२ पटीला जाड होतं, आणि त्याला पैसेही जास्त पडतात. मागच्या प्लेनमध्ये रेटिकलवरच्या खुणांचं माप एकाच पटीला खरं असतं, बहुधा सर्वात वरच्या. ते लक्षात ठेवलं की झालं. काळ्या गोलावर काळं क्रॉसहेअर हरवतं, म्हणून सरावाला मी पांढऱ्या कागदावर २० मिमीचा पोकळ चौकोन छापून घेतो. चौकोनाचे चार कोपरे क्रॉसहेअरने समान वाटले की नेम बसला. मधला ठिपका उजळणारं रेटिकल मिळालं तर घ्या, पण त्याच्यासाठी पॅरलॅक्स सोडू नका.

क्लिकविषयी. पाव एमओए म्हणजे ५० मीटरवर ३.६ मिमी आणि १०० मीटरवर ७.३ मिमी. ०.१ मिलिरेडियनचा (कोनाच्या दुसऱ्या मापाचा) क्लिक ५० मीटरवर ५ मिमी सरकवतो. ५० मीटरवर दहाच्या वर्तुळात ग्रुप बसवायचा असेल तर पाव एमओए जास्त जवळ नेतो. मधल्या किमतीच्या स्कोपचं खरं मूल्य इथेच कळतं, कारण स्वस्त स्कोपमध्ये क्लिक वाजतो पण क्रॉसहेअर हलत नाही, आणि दोन गोळ्यांनंतर एकदम उडी मारतं. हे तपासायला काडतुसं जाळू नका, आपल्याकडे चांगली मॅच काडतुसं स्वस्त नाहीत. ५० मीटरवर उभी मोजपट्टी लावा, सेंटीमीटरचे जाड पट्टे आखून. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, पिशव्यांमध्ये गच्च बसवलेली. क्रॉसहेअर शून्यावर आणा आणि ४० क्लिक द्या. ते १० एमओए झाले, म्हणजे क्रॉसहेअर १४५ मिमी सरकायला हवं. १४० ते १५० मध्ये आलं तर माझ्या दृष्टीने पास. मग ४० क्लिक परत. पुन्हा शून्यावर आलं पाहिजे, इथे सवलत नाही. हेच आडव्या दिशेने करा. ही तपासणी रेंज ऑफिसरला आधी सांगून, रेंज थंड असताना, म्हणजे कोणीही गोळी झाडत नसताना, करा.

टरेटवर (क्लिक द्यायच्या खुंट्यांवर) झाकण असलेला किंवा कुलूपबंद होणारा स्कोप घ्या. उघडे टरेट दिसायला रुबाबदार असतात, पण बॅगेत घासून दहा-बारा क्लिक कधी फिरले ते कळत नाही.

काचेबद्दल जाहिराती फार असतात, सत्य थोडक्यात सांगता येतं. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. आत दहा पृष्ठभाग असले तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच संपला. १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी त्यावर पातळ थर चढवण्याची युक्ती काढली, आणि आज मधल्या किमतीतल्या सगळ्या बऱ्या स्कोपांत बहुथरी कोटिंग असतं. दिवसाउजेडी ५० मीटरवर मधल्या आणि महागड्या काचेतला फरक तुम्हाला गुणांमध्ये दिसणार नाही. हा थर मात्र एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. वरळीला समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, ते काचेवर बसतं, आणि आपण खिशातला रुमाल काढून ते काचेवरच घासतो. आधी फुग्याने फुंकर, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी लेन्सचं कापड. काचेवर तोंडाने फुंकू नका.

मुंबईत स्कोपला सर्वात मोठा धोका रिकॉइलचा (गोळी सुटताना बसणाऱ्या झटक्याचा) नाही, पावसाळ्याचा आहे. जुलैत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून २२ अंशांवरचा स्कोप बाहेर काढला की बाहेरून काच क्षणात पांढरी होते. ती आपोआप जाते, बॅग न उघडता अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. पण आतून धुकं आलं तर स्कोपचं सील गेलंय. म्हणून नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला, जलरोधक म्हणून विकला जाणाराच घ्या, आणि घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तपासा: फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, तासभर ठेवा, बाहेर काढा, बाहेरची काच पुसली तरी आत धुकं दिसतंय का बघा. दिसलं तर लगेच परत करा. नंतरचा शत्रू बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू काचेच्या कडेपासून आत येतात, कोटिंग खातात, आणि ते मग निघत नाही. फोमच्या केसमध्ये स्कोप महिनोन्महिने बंद ठेवणं सर्वात वाईट, फोम ओल धरून ठेवतो. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, हवेतली ओल मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर, आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. सिलिका जेलचा रंग बदलला की तो तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरता येतो. कॅमेरावाले वापरतात ती ड्राय कॅबिनेट घरात असेल तर उत्तमच. रिंगांचे स्क्रू काढून वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, आपल्या हवेत ते आतून गंजून बसतात.

माउंटवर कंजुषी करू नका. तुमची .२२ चेक बनावटीची सीझेड असेल तर वर ११ मिमीची डव्हटेल (माउंट बसवायची खाच) असेल. पिकॅटिनीच्या (दुसऱ्या प्रकारच्या, रुंद पट्टीच्या) रिंगा तिच्यावर बसत नाहीत, आणि मध्ये ॲडॉप्टर घातला की उंची वाढते, गाल हवेत राहतो, आणि वर सांगितलेली सगळी पॅरलॅक्सची कटकट परत येते. ११ मिमीच्या, स्टीलच्या किंवा चांगल्या ॲल्युमिनियमच्या रिंगा घ्या, पुढची काच रायफलच्या नळीला न लागेल इतक्याच उंच. बोल्टही बघा: सीझेडच्या ४५५ मॉडेलचा बोल्ट ९० अंश उचलावा लागतो, तो मागच्या काचेच्या घेराला आपटतो. ४५७ ला ६० अंशच लागतात, तिथे खालच्या रिंगा चालतात. रिंगांच्या टोप्या समोरासमोर थोड्या थोड्या आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील अशा. २ न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका. जास्त आवळलेल्या रिंगेने स्कोपची नळी दबते आणि आतली यंत्रणा अडकते, आणि मग क्लिक चुकतात म्हणून लोक स्कोपला दोष देतात. क्रॉसहेअर उभं आहे का हे दारात टांगलेल्या ओळंब्यावर तपासा. स्कोप ३ अंश तिरका बसला तर ५० वर काही कळत नाही, पण १०० साठी क्लिक दिले की गोळी सेंटीमीटरभर बाजूला जाते.

एअर रायफलबद्दल तुम्ही वेगळं काही विचारलं नाहीत, पण एकच स्कोप दोन्हीवर लावायचा बेत असेल तर हे ऐका. स्प्रिंगची एअर रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. पुष्कळ स्कोप, अगदी मोठ्या सेंटरफायर रायफलवर टिकणारे, या उलट्या झटक्याने आतून सुटतात. एअर रायफलसाठी चालेल असं निर्मात्याने स्पष्ट लिहिलं असेल तरच तिच्यावर चढवा, आणि माउंटमागे अडसराची पिन असलेलाच घ्या, नाहीतर माउंट मागे सरकत जातो. दोन रायफलींवर आलटूनपालटून लावता येतो, पण दर वेळी झिरो (नेम आणि गोळी एकाच जागी आणणं) नव्याने करावा लागेल, चार-पाच गोळ्या त्यात जातीलच. मला विचाराल तर एअर रायफलला तिची उघडी साइटच राहू द्या. रोह्याच्या अंगणात १० मीटरवर उघड्या साइटने मारलेल्या पेलेटांनी ट्रिगरचा हात तयार होतो. हा पर्याय पटला तर १० मीटरची अट सैल होते आणि कारखान्यातून ५० यार्डांवर पक्का केलेला, रिमफायरसाठीचा (.२२ सारख्या काडतुसांसाठीचा) ३-९×४० किंवा २-७×३२ हाही चांगला आणि हलका पर्याय ठरतो. ५० मीटरवर त्याचा पॅरलॅक्स दोष २ मिमीच्या आत राहतो. १०० वर मात्र तो २५ मिमीच्या जवळ जातो, म्हणून तुमच्या तिसऱ्या इच्छेसाठी मी ४-१२ वरच राहतो.

खरेदीचं. अमेरिकेतल्या चुलत भावाला सामानात टाकून आणायला सांगू नका. तिकडे रायफल स्कोपवर निर्यात नियंत्रण आहे आणि इकडे कस्टम्स आहे. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर, सिरियल नंबर लिहून घेऊन घ्या. फोर्ट-काळबादेवीकडच्या जुन्या दुकानांत स्कोप हातात घेऊन बघू देतात, त्याचा फायदा घ्या. नावाजलेल्या ब्रँडचे नकली स्कोप ऑनलाइन बाजारात सर्रास आहेत. 'लाइफटाइम वॉरंटी' या शब्दांवर जादा पैसे देण्याआधी विचारा: बिघडला तर दुरुस्ती भारतात होते, की बाहेर पाठवायचा? बाहेर पाठवायचा असेल तर खर्च, कागदपत्रं आणि परत येतानाचं शुल्क कोणाच्या अंगावर? याचं सरळ उत्तर देणारा विक्रेता दोन पैसे जास्त घेत असला तरी त्याच्याकडूनच घ्या.

स्कोप चढवल्यावर झिरो २५ मीटरपासून सुरू करा, मग ५० वर या. पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारा आणि ग्रुपच्या मध्यावरून क्लिक ठरवा, एका गोळीवरून नाही. ५० वर झिरो झाला की टरेटचं कडं सैल करून शून्यावर आणा. आता १०० मीटर: स्टँडर्ड वेगाचं .२२ काडतूस, ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंदाचं, ५० वर झिरो असताना १०० वर सुमारे १८ ते २० सेंटीमीटर खाली पडतं. म्हणजे ७ एमओएच्या आसपास, पाव एमओएचे २५ ते २८ क्लिक. मोठा कागद लावा, २६ क्लिक वर द्या, पॅरलॅक्सची खुंटी १०० च्या पेन्सिल-खुणेवर आणा, पाच गोळ्या मारा आणि जो आकडा खरा निघेल तो काडतुसाच्या नावासकट वहीत लिहा. काडतूस बदललं की तो आकडा पुन्हा काढावा लागतो. रेंज सोडण्याआधी टरेट परत शून्यावर आणि खुंटी परत ५० वर.